६८० रुपयांचं रबर आणि आमचा बंड्या: सात महिन्यांनंतर

"चावल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही," कंपनीच्या फोनवरच्या बाई म्हणाल्या. अहो बाई, कुत्र्याने चावायच्याच खेळण्याचं दुसरं कशाने नुकसान होणार? पाऊण तास फोनवर भांडलो, ६८० रुपये गेले ते गेलेच.

खेळणं माहीत असेलच, पोकळ, जाड रबराचं, आत खाऊ भरायचा. बंड्या आमचा गावठी कुत्रा, तीन वर्षांचा, म्हणजे दात शिवशिवायचं वय कधीच सरलं. तरी आम्ही बाहेर पडलो की दाराची चौकट कुरतडायचा. बिनमिठाचा, बिनफोडणीचा दहीभात भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, तर पठ्ठ्या चाळीस मिनिटं चाटत बसला. पहिला महिनाभर मी सगळ्यांना 'घ्याच' म्हणत सुटलो होतो.

पण ते धुणं! वरचं भोक अंगठ्याएवढं, खालच्यात करंगळीही जात नाही. मधल्या खाचेतलं शीत ना धारेने निघत, ना चमच्याच्या दांड्याने. जूनमध्ये एका रात्रीत मुंग्यांची रांग सिंकपासून थेट फ्रीजपर्यंत. शेवटी बाळाच्या बाटलीचा ब्रश आणला. ७० रुपये, तेही किमतीत धरा. एका भोकाचं स्वस्त मिळतं, पण त्यात आत हवा शिरायला वाट नसते, जीभ ओढली जाऊन अडकू शकते. म्हणून दुसरं भोक माफ.

मग गणपतीआधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला. खेळणं भरलेलं तसंच आणि चौकट ओली! घाबरलेलं कुत्रं खाऊला तोंडच लावत नाही. तेव्हा कुठे मी नीट बघायला लागलो. ढोल नसतानाही किल्ल्या वाजल्या की हा धापा टाकायचा. आणि खेळणं आम्ही निघतानाच देत होतो, म्हणजे तीही त्याच्यासाठी धोक्याची घंटाच झाली होती. परत आल्यावर चौकट दाखवून ओरडायचो, तेव्हा कान पाडायचा. मला वाटायचं चूक कळली. तो नुसता मला घाबरत होता.

मग किल्ल्यांची भीती जावी म्हणून दोन आठवडे नुसत्या किल्ल्या उचलायच्या आणि पेपर वाचत बसायचं. बायको म्हणाली, तुमचंच डोकं फिरलंय. नंतर दाराबाहेर एक मिनिट, मग पाच. खेळणं आम्ही घरात असतानाही द्यायला लागलो. सरावाच्या पंधरा मिनिटं आधी खिडक्या बंद, पंखा फुल, आतल्या खोलीत दहीभात. कुरतडणं पूर्ण थांबलं नाही, पण चौकटीला नवा रंग दिलाय तो टिकून आहे.

गेल्या आठवड्यात खालच्या भोकापाशी चीर गेली. तुकडा गिळला तर डॉक्टरचं बिल, म्हणून टाकून दिलं. सेलमध्ये एक साईझ मोठं मागवलंय. भोकही मोठं असावं. ब्रश मात्र ठेवलाय.