डोळ्यांना गॉगल की कोपराला पट्टी?

गुहागरच्या एका वहिनींचा नऊ वर्षांचा मुलगा बोलत नाही आणि सारखा डोळ्यात बोट खुपसतो. गॉगल घ्यावा की कोपर वाकू न देणारी पट्टी, हे त्यांना ठरवता येत नाहीये. माझ्या भाचीसाठी आम्ही दोन्ही वापरलंय. वारंवारच्या माराने डोळ्याचा पडदा सुटू शकतो, त्यामुळे वेळ काढू नका.

खर्चात पट्टी स्वस्त. गॉगल मात्र पॉलिकार्बोनेटचाच, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, आणि मागून इलॅस्टिकचा पट्टा असलेला हवा. साधी काच फुटली तर डोळ्यातच जाईल.

आपल्याकडच्या दमट हवेत गॉगल वाफाळतो. मे महिन्यात भाचीच्या नाकाशी रबराखाली घाम साचून लाल वळ उठायचे. दर तासाला काढून, पुसून, कोरडा करून पुन्हा घालायचो. पण हात मोकळे राहायचे. पट्टीत तिला पेजेची वाटीही तोंडाशी नेता येईना; तिचं ते वाटीकडे बघत बसणं मला अजून आठवतं. पट्टी दिवसभर ठेवली तर सांधा आखडतो, म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं करायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारल्याशिवाय बांधूच नका.

खुपसणं अचानक वाढलं असेल, तर आधी कान, दात, डोळे तपासून घ्या. न बोलणारं मूल दुखणं असंही सांगतं.

शाळेत, खेळताना, रोजच्यासाठी गॉगल. डोळ्याच्या ऑपरेशननंतरचे थोडे दिवस, किंवा मूल गॉगल ओरबाडून फेकत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडा वेळ पट्टी. वहिनी, तुमच्या मुलासाठी मी गॉगलच घेईन.