नऊ महिने, दोन मांजरं आणि खाणं सांडणारा डबा

मागच्या ऑक्टोबरात, दिवाळीला दोन आठवडे असताना, मी मांजरांसाठी ऑटोमॅटिक फीडर घेतला. साडेपाच हजार रुपये. घरात त्यावर बरंच बोलणं झालं. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या पैशांत आमच्या गावी माणूस महिनाभर दोन्ही वेळ भाकरी टाकून जाईल. आता नऊ महिने होऊन गेलेत, दिवाळी, दोन लग्नं, आखाजी (अक्षय्य तृतीया), मे महिना आणि पहिलं वादळ सगळं या डब्याने पाहिलंय, म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतले बहुतेक डबे आतून एकसारखेच असतात.

आधी घरची परिस्थिती. आम्ही जळगावात राहतो, तळमजल्यावर. मी शाळेत शिकवते, नवऱ्याची फिरतीची नोकरी, मुलगा पुण्यात, सासर चोपड्याकडे. महिन्यातून एकदा तरी घराला दोन-तीन दिवस कुलूप लागतंच. मांजरं दोन. मनी, साडेतीन किलोची, नाजूक आणि नखरेल. आणि भुऱ्या, पाच किलोचा बोका, ज्याला स्वतःचं संपवून मनीच्या वाटीत तोंड घालायची खोड. एकदा दोघांना गाडीत घालून गावी नेलं होतं. गल्लीतली कुत्री बघून भुऱ्या दोन दिवस धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट छतावरून, खाली उतरला नाही. तो प्रयोग तिथेच संपला. इथे पाळीव प्राणी ठेवून घेणाऱ्या एका ठिकाणी चौकशी केली, तर चारी बाजूंनी भुंकणं. मांजराला आपलं घर सुटलं की अर्धा जीव जातो, त्यामुळे ती घरातच राहणार आणि खाणं त्यांच्यापर्यंत पोचवायचं, एवढं ठरलं.

डब्याचं काम सोपं आहे. वर कोरडं खाणं भरायचं, खाली रबरी पाकळ्यांचं चक्र फिरतं आणि ठरल्या वेळी ठरल्या मापाने दाणे वाटीत पडतात. समोर कॅमेरा आहे, मोबाइलवर दिसतं. कागदावर लिहिलंय, एक माप म्हणजे १० ग्रॅम. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा वेळा मोजलं. कधी ७, कधी १२, आमच्या दाण्याला सरासरी ८ पडते. दाणा बदलला की माप बदलतं. हे मोजल्याशिवाय डबा लावू नका. आमच्या मनीला दिवसाला साधारण ५० ग्रॅम पुरतं, भुऱ्याला ६५. मापात दोन-दोन ग्रॅमची तूट रोज चार वेळा झाली तर हळूहळू मांजर वाळतं. उलट झालं तर भुऱ्यासारखा आधीच गुबगुबीत बोका आणखी सुटतो.

दोन वाट्यांत विभागून टाकणारी नळी वेगळी घेतली. भुऱ्याने ती दोन दिवसांत ओळखली, आधी एक वाटी, मग दुसरी. शेवटी वेळा जवळजवळ केल्या आणि माप छोटं ठेवलं, म्हणजे तो एका वाटीत असेपर्यंत मनीचं होतं. फार पोट भरत नाही तिचं, पण निभतं.

आवाज रेकॉर्ड करायची सोय आहे. मी हौसेने “मने, भुऱ्या, या रे” असं भरून ठेवलं होतं. दिवाळीत गावी बसून मोबाइलवर पाहिलं तर मनी खाणं सोडून डब्याच्या मागे जाऊन वास घेतेय, मग दाराशी जाऊन बसली. मला काही ते बघवलं नाही. परत आल्या आल्या तो आवाज पुसून टाकला.

घरी असतानाचा एक फायदा मात्र अनपेक्षित मिळाला. पहाटे चारला उशाशी येऊन कोकलणं बंद झालं. खाणं मी देत नाही, डबा देतो, हे भुऱ्याला कळलं, आणि तो आता चारला डब्यासमोर जाऊन कोकलतो. नुसत्या या एका गोष्टीसाठी माझे निम्मे पैसे वसूल आहेत.

आता खानदेशी उन्हाळ्याचं. इथे खरी परीक्षा झाली, कारण हे डबे बनवणाऱ्याने आपला मे महिना कधी पाहिलेला नसतो. पारा ४४-४५ ला टेकतो. घरोघर वाळ्याचे किंवा मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे कूलर. कूलरची हवा गार खरी, पण दमट. मी डबा नेमका कूलरच्या झोतात ठेवला होता, मांजरांना गारव्यात जेवता यावं म्हणून. तिसऱ्या दिवशी दाणे मऊ पडले, फुगले, आणि चक्रात अडकले. मोबाइलवर मात्र “खाणं दिलं” अशी ओळ बिनदिक्कत येत होती. यंत्राला चक्र फिरवायचा हुकूम दिला एवढंच माहीत असतं, वाटीत काय पडलं ते त्याला कळत नाही. नशिबाने मी घरीच होते. त्या दिवसापासून डबा कूलरच्या उलट्या कोपऱ्यात, झाकणात ओलावा शोषणारी पुडी, आणि आत फक्त चार दिवसांचं खाणं. बाकीचं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पावसाळ्यात तर ओल लागलेल्या दाण्याला बुरशी धरते आणि ती पोटात जाणं विषासारखंच, तेव्हा वास जरा जरी कुबट आला तरी टाकून द्यावं. लाल मुंग्यांसाठी जुनाच उपाय: डबा मोठ्या परातीत, परातीत बोटभर पाणी.

वादळाची गोष्ट वेगळी. जूनच्या सुरुवातीला तो वारा सुटला, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या करणारा, तेव्हा आम्ही चोपड्याला होतो. जळगावात अकरा तास वीज नव्हती. डब्यात बॅटरीत घालतात तसले तीन मोठे सेल बसतात, वीज गेली तरी चालावा म्हणून. मी ते ऑक्टोबरात घातले आणि विसरले. मेच्या उकाड्यात ते पाझरून पांढरी भुकटी झाली होती. वीज गेली, सेल नाहीत, डब्याचं घड्याळ पुसलं गेलं. वीज आल्यावर त्याने मध्यरात्री बारापासून मोजायला सुरुवात केली, म्हणजे सकाळचं जेवण संध्याकाळी. वायफाय नीट सुरू झाल्यावर वेळ आपोआप जुळली, पण मधले तास मांजरं उपाशीच. सेल दर दोन महिन्यांनी बदला, राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

उपाशी राहण्याबद्दल एक सांगायला हवं, कारण आपल्याकडे “मांजर काय, उंदीर मारून खाईल” असं सर्रास म्हणतात. घरात बंद मांजराला उंदीर कुठून मिळणार? आणि मांजराला उपास झेपत नाही. दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही, विशेषतः जाड मांजराने, तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेततं. आपली एकादशी आपल्यापाशी.

पाण्यासाठी १४०० रुपयांचं कारंजं घेतलं होतं. वाहतं पाणी मांजरांना आवडतं असं सगळीकडे वाचलं होतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, वापरायला बोअरचं. त्या पाण्याचा खार बसून सहा आठवड्यांत मोटर घरघरायला लागली. लिंबू लावून घासलं, पुन्हा तेच. मग कुंभारवाड्यातून मातीचे दोन परळ आणले, चाळीस रुपयांना. एक मोरीजवळ, एक मधल्या खोलीत खिडकीखाली. मातीतून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं गार राहतं, माठाचंच तत्त्व. दोघंही कारंज्याकडे ढुंकून बघत नाहीत आता. कारंजं माळ्यावर आहे, कोणाला हवं असेल तर घेऊन जा.

आता मुख्य. मार्चमध्ये मुलाकडे पुण्याला गेलो होतो, महाराष्ट्र एक्सप्रेसने, चार दिवसांसाठी. डबा व्यवस्थित चालू, कॅमेऱ्यात भुऱ्या वाटीशी दिसतोय, “खाणं दिलं” च्या ओळी येताहेत. मी निर्धास्त. किल्ली शेजारच्या आक्कांकडे होती, दिवसातून दोनदा येऊन पाणी बदलायचं आणि मांजरांच्या शी-शूसाठी माती भरून ठेवलेले ट्रे साफ करायचे एवढंच त्यांना सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचा फोन: “बाई, तुमना बोक्या कालपाईन मुतेल नही शे.”

मी आधी हसले. मग त्यांनी सांगितलं, की ट्रेमध्ये लघवीने मातीचे होतात ते गोळे काल संध्याकाळी दोन सापडले, आज एक, ते लहान, म्हणजे मनीचे. आणि भुऱ्या सारखा ट्रेत जाऊन बसतो, कण्हतो, उठतो. मग माझ्या पायाखालची जमीन सरकली. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, त्यात खड्यांची भुकटी अडकली की लघवी थांबते, आणि एक-दोन दिवसांत बोका जातो. पुतण्या मोटारसायकलवर पिशवीत घालून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. इथल्या बऱ्याच दवाखान्यांत गाई-म्हशी आणि शेळ्यांचीच सवय, पण हे डॉक्टर मांजरांवरही उपचार करणारे निघाले. गुंगी देऊन नळी घातली, तीन दिवस ठेवून घेतलं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं, असं ते म्हणाले. खर्च डब्याच्या किमतीच्या आसपास.

त्यांनी कारण विचारलं ते खाण्याचं. फक्त कोरडं खाणं, त्यात पाणी कमी पिणं, जागेवर बसून वाढलेलं वजन. डब्यात कोरडंच भरता येतं, ओलं टाकलं तर इथल्या उन्हात दोन तासांत आंबेल. म्हणजे ज्या सोयीसाठी डबा घेतला तीच अर्धी अडचण. आता रोज एक वेळ ओलं खाणं किंवा बिनमिठाची उकडलेली कोंबडी, वरून दोन चमचे पाणी, माणसाच्या हातून. उरलेलं डबा देतो.

आक्कांना ते कळलं कसं? त्या गोळे मोजत होत्या. मी सांगितलं नव्हतं. “म्हैसनं शेण नि मूत रोज देखतस ना, तसंच,” म्हणाल्या. त्यांचं आयुष्य गुरांमध्ये गेलंय. यासाठी गोळे होणारीच माती वापरा. वाळूत काही कळत नाही, आणि हल्ली गिरणा नदीची वाळूही काही स्वस्त राहिलेली नाही. दोन मांजरांना तीन ट्रे, एक जास्तीचा, म्हणजे एखादा खराब झाला तरी ती कोपऱ्यात जात नाहीत.

आक्कांशी माझे मतभेदही झाले. सुरुवातीला त्या प्रेमाने दूध-भाकरी द्यायच्या. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, दुसऱ्या दिवशी ट्रे बघवत नसे. एकदा लसणाच्या फोडणीचं वरण. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, हे मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेली माणसं काय काय शोधून काढतात! पण ऐकलं. आता फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद आहे: दूध नाही, कांदा-लसूण नाही, तापाची गोळी कधीच नाही (माणसाची पॅरासिटॅमॉल मांजराला मारते), कुत्र्याचं गोचीड-औषध नाही, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर ओला कपडा आणि लगेच डॉक्टर. खाली डॉक्टरांचा आणि पुतण्याचा नंबर.

पैशांचं काय करायचं हा प्रश्न सुटायला वेळ लागला. “मांजरले खावाडाना पैसा लेतस का?” असं म्हणून आक्का हात झटकतात. मग मी कॉलनीतल्या एका कॉलेजच्या मुलाला फेरीला शंभर रुपयांवर ठेवून पाहिलं. तो वेळेवर यायचा, फोटो पाठवायचा, आणि चार मिनिटांत जायचा. फोटोत मनी कधीच नसायची. ती कपाटावर बसून तो जाण्याची वाट बघायची. आक्का मात्र तिथे खाली बसून अर्धा तास फोनवर बहिणीशी बोलतात, आणि मनी हळूच येऊन त्यांच्या लुगड्यावर बसते. त्या अर्ध्या तासात मांजर लंगडतंय का, कान खाजवतंय का, सगळं दिसतं. मुलगा आता फक्त आक्का गावी असल्या की येतो, तेही खाली वीस मिनिटं बसायच्या बोलीवर.

तर डब्याला पाचपैकी तीन. एका रात्रीसाठी उत्तम. दोन रात्रींसाठी, कोणीतरी रोज डोकावणार असेल तरच. तीन किंवा जास्त, आणि घरात बोका असेल, तर नुसत्या डब्यावर सोडून मी जाणार नाही, कॅमेरा कितीही चांगला असो. कारंज्याला एक. परळाला पाच.

पुढच्या महिन्यात श्रावणात आक्का कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या त्या देवीच्या सणाला, त्यांच्या गावी जाणार आहेत, सगळं घर. किल्ली माझ्याकडे देऊन ठेवलीय. तुळशीला पाणी, आणि मागच्या दाराशी येणाऱ्या काळ्या मांजरीला संध्याकाळी भाकरीचा तुकडा. मी विचारलं, डबा लावून ठेवू का मागे? तर म्हणाल्या, “नको माय, तू येज.”