विटकरी गालिचा घ्यावा की बदामी?

सांगलीतल्या नव्या फ्लॅटचा हॉल बहुतेक ठरलेलाच असतो: दोन बाय दोनची क्रीम व्हिट्रिफाइड फरशी, राखाडी सोफा, वर पांढरीफटक ट्यूब. त्याला ऊब आणायची तर भिंती रंगवत बसण्यापेक्षा मातकट रंगाचा गालिचा टाकणं सोपं. दुकानात गेल्यावर मात्र विटकरी आणि बदामी यांत अडायला होतं.

क्रीम फरशी असेल तर माझं मत विटकरीला. बदामी तिथं फरशीतच मिसळून जातो, पैसे घालून काही आणलंय हे पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. विटकरी राखाडी सोफ्यासमोर उठून दिसतो. जुन्या घरात काळसर शहाबादी असेल, किंवा खोलीत उजेड बेताचा असेल, तर मात्र बदामीच घ्या. विटकरीनं तिथं आणखी अंधारून येतं.

डागांच्या बाबतीत बदामी हरतो. हळदी-कुंकवाचा कार्यक्रम हॉलमध्येच होणार, आणि सांगलीच्या घरात हळद सांडणार नाही असं कुणी सांगावं! हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि बाई घाबरून आणखी घासतात. खरं तर जास्तीची हळद झटकून गालिचा गच्चीवर उन्हात टाकला की हा पिवळा रंग बराचसा उडतो. कुंकवाचं तसं नाही, ते चिकटतं. विटकरीवर दोन्ही खपून जातं. मात्र भडंगाचे चुरमुरे आणि पांढरे दोरे त्याच्यावर लांबूनही दिसतात, म्हणून एकरंगी घेऊ नका, ठिपक्यांचा किंवा मिश्र रंगाचा बघा.

पश्चिमेची मोठी खिडकी असेल तर विटकरी उन्हानं विटतो आणि सोफा हलवला की खालचा गडद पट्टा उघडा पडतो. बदामीचं विटणं जाणवत नाही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्यात, रंग बहुधा धाग्यातच मुरवलेला असतो, त्यामुळे तो जास्त टिकतो, पण गालिचा सोफ्याच्या पायांखाली दबून चपटा होतो. लोकर पुन्हा उभी राहते, पण महाग. ज्यूट छान दिसतं, तरी आपल्या पावसाळ्यात नको. ओल लागली की त्यावर तपकिरी कडी उमटतात. (जत-आटपाडीकडचं न रंगवलेलं घोंगडंही मातकटच, पण अनवाणी पायाला टोचतं.)

दुकानातल्या पिवळ्या दिव्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. ३००० केल्व्हिनच्या (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा) उजेडात खुललेला विटकरी घरच्या ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या ट्यूबखाली मळकट तपकिरी दिसतो. एक तर दिवा बदला, नाहीतर मोबाईलच्या पांढऱ्या टॉर्चखाली रंग बघून घ्या. सुती किंवा लोकरी विटकरी घेत असाल तर पांढरा रुमाल ओला करून त्याच्या कोपऱ्यावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो गालिचा तिथंच ठेवा, पावसाळ्यात तोच रंग फरशीच्या सांध्यांत उतरेल.