मिम्नर्मसच्या उरलेल्या ओळी : लोएब मालिकेतल्या एका हिरव्या खंडाविषयी

लोएब क्लासिकल लायब्ररी या ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या द्विभाषिक मालिकेतला २५८ क्रमांकाचा, ग्रीक एलिजी-काव्याचा खंड मी मागवला तो केवळ मिम्नर्मस या प्राचीन ग्रीक कवीसाठी. डग्लस गर्बर यांनी संपादित केलेल्या आणि हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या खंडात टिर्टीयस, सोलोन, झेनोफेनीस अशी कवी मंडळी आहेत. एकट्या थिओग्निसच्या नावावरच सुमारे चौदाशे ओळी आहेत. इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया मायनरच्या किनाऱ्यावर होऊन गेलेल्या मिम्नर्मसच्या मात्र शंभरही ओळी उरलेल्या नाहीत.

आपल्याकडे 'एलिजी'ला विलापिका म्हणतात, पण तो अर्थ मनात धरून हे पुस्तक उघडणाऱ्याची फसगत होईल. ग्रीकांना हे नाव छंदावरून ठाऊक होते, शोकावरून नव्हे. दोन-दोन ओळींच्या जोडीतल्या पहिल्या ओळीत सहा गण असतात आणि त्यांतला मूळ गण म्हणजे गुरू-लघू-लघू, अर्थात आपला 'भ' गण, ज्याच्या जागी दोन गुरूही चालतात. दुसरी ओळ अडीच-अडीच गणांच्या दोन तुकड्यांत मोडते. डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी ही या मालिकेची नेहमीची मांडणी येथेही आहे, परंतु भाषांतर गद्यात असल्यामुळे ही चाल उजवीकडे पोहोचत नाही. अर्थ चोख, ठेका नाही, अशी ही तडजोड आहे.

या खंडाचा मला वाटलेला सर्वांत मोठा गुण म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर तो कोणत्या जुन्या लेखकाने उद्धृत केल्यामुळे टिकला हे दिलेले आहे. मिम्नर्मसला आपण तारुण्याचा आणि वार्धक्याच्या धास्तीचा कवी म्हणून ओळखतो. माणसे वसंतातल्या पानांसारखी, सोनेरी अफ्रोडाइटी या प्रेमदेवतेवाचून जगण्यात गोडी ती काय, हे त्याचे प्रसिद्ध सूर आहेत. पण माथ्यावरची नावे वाचत गेल्यावर लक्षात येते, की यातले बरेच काही स्टोबियस या संकलकाने विषयवार वेचलेले आहे आणि वार्धक्याची निंदा हा त्याच्या संग्रहातला एक स्वतंत्र विषयच होता. म्हणजे कवीची कुरकुर किती आणि वेचणाऱ्याची निवड किती, हा प्रश्न उरतोच. त्याच स्टोबियसने हर्मस नदीच्या मैदानात लिडियन घोडदळाच्या फळ्या उधळणाऱ्या एका वीराचा तुकडाही जपला आहे आणि त्यातला आवाज म्हातारपणाला भ्यालेल्या माणसाचा मुळीच नाही.

सूर्याचा तुकडा तर एका योगायोगानेच हाती आला. दिवसभर सूर्याला आणि त्याच्या घोड्यांना विसावा नाही. रात्री हेफेस्टस या लोहार-देवाने घडवलेल्या, पंख असलेल्या, पोकळ सोन्याच्या शय्येवर झोपलेला सूर्य पाण्यावरून पश्चिमेच्या हेस्परिडीसांच्या देशाकडून पूर्वेच्या इथिओपियनांच्या भूमीकडे वाहत जातो, जिथे रथ आणि घोडे पहाटेची वाट पाहत उभे असतात. रोज उगवणारा देव येथे थकून झोपलेला दिसतो. हे अथेनियस या ग्रीक लेखकाने उतरवून ठेवले ते मद्याच्या पेल्यांची चर्चा करताना, कारण सूर्य ज्यात बसून समुद्र ओलांडतो ते पात्र कोणते, असा मुद्दा निघाला होता. मी हा तुकडा सलग तीनदा वाचला.

सोलोन याच खंडात असल्याचा फायदाही मोठा आहे. रोगराई आणि चिंता यांवाचून साठाव्या वर्षी मरण यावे, असे मिम्नर्मस मागतो. सोलोन त्याला ते बदलून ऐंशी करायला सांगतो. एकाला षष्ट्यब्दी पुरते आणि दुसऱ्याला सहस्रचंद्रदर्शनाची घाई, असे म्हणून मी हसलो. दोन्ही तुकडे डायोजिनीस लाएर्टियस या तत्त्वज्ञांच्या चरित्रकारामुळे टिकले आणि येथे थोडी पाने उलटून ते शेजारी ठेवता येतात.

तक्रारी दोन आहेत. टिपा फार आखडत्या हाताने दिल्या आहेत. नान्नो ही बासरीवादक स्त्री कोण आणि तिचे नाव मिम्नर्मसच्या काव्यसंग्रहाला कसे पडले, यावर मला अधिक वाचायचे होते. दुसरी तक्रार विक्रेत्याची: त्याने पुस्तक नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवले, त्यामुळे वरचा कोपरा चेपून आला. बांधणी मात्र शाबूत आहे आणि खंड तळहाताएवढा असल्याने प्रवासात सहज सोबत नेता येतो. ग्रीक येत नसलेल्याने तो घ्यावा का? माझ्या मते घ्यावा, मात्र माथ्यावरच्या त्या बारीक ओळी वगळून वाचू नये.