फरशीखालचं इलेक्ट्रिक हीटिंग: हिवाळाभर वापरल्यावर

थंडी सुरू व्हायच्या आधी बाथरूममध्ये आणि शेजारच्या अभ्यासाच्या खोलीत टाइलखाली हीटिंग मॅट बसवून घेतली. हिवाळा सरल्यावर माझं मत असं: बाथरूमसाठी बिनधास्त घ्या, खोलीसाठी आधी हिशेब मांडा.

रचना साधी आहे. जाळीवर नागमोडी बसवलेली केबल, तिच्यावर अ‍ॅडेसिव्ह आणि वर टाइल. वीज सोडली की केबल तापते, टाइल तापते आणि ती ऊब पाय, भिंती, सामान यांच्याकडे पसरते. पंखा नाही, आवाज नाही, धूळ उडत नाही. पाय गरम असले की खोलीतली हवा एक-दोन अंशांनी थंड असली तरी खुपत नाही, हे सुख मला खरंच मोठं वाटतं.

पण सगळा खेळ मॅटच्या खाली काय आहे यावर ठरतो. बाथरूममध्ये खाली इन्सुलेशन बोर्ड, म्हणजे उष्णता खाली झिरपू न देणारा थर, आहे. तिथली फरशी अर्ध्या तासात छान कोमट होते. खोलीत दाराखाली उंची उरत नव्हती, म्हणून मॅट थेट कोब्यावर गेली. तिथे दीड-दोन तास लागतात, कारण बरीचशी उष्णता आधी स्लॅब पितो. कोणी ‘बोर्ड नसला तरी चालतं’ म्हणालं तर ऐकू नका.

बिलाचं म्हणाल तर, मॅट चौरस मीटरला 150 वॅटची आहे. 3 चौरस मीटर म्हणजे 450 वॅट. सलग तासभर चालली तर अर्ध्या युनिटहून थोडं कमी. फरशी तापली की थर्मोस्टॅट पुरवठा तोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. मात्र 1 युनिट विजेतून 1 युनिटच उष्णता मिळते. हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र) तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट देतो, म्हणून अख्खं घर यावर तापवायचा विचार मी तरी करणार नाही. सकाळ-संध्याकाळचा टायमर लावावा, उठायच्या आधी सुरू होईल असा.

खोलीत फरशी 28 अंशांवर ठेवते. युरोपीय मानकात राहत्या खोल्यांसाठी 29 आणि बाथरूमसाठी 33 अंशांची मर्यादा आहे. जाड गालिचा किंवा बिनपायांचं कपाट मॅटवर नको. उष्णता खाली कोंडते आणि केबल जास्त तापते.

बसवताना स्वतः हजर राहा. केबलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने तीनदा मोजून घ्या: मॅट अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर. आकडा बदलला तर काम तिथेच थांबवायचं. मॅट वळवताना फक्त जाळी कापतात, केबल कधीच नाही. 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवंच. अ‍ॅडेसिव्ह पूर्ण सुकेपर्यंत, कंपनी सांगेल तितके दिवस, बटण दाबू नका. आणि फरशीतला तापमान मोजणारा सेन्सर नळीतूनच घालायला लावा, म्हणजे तो बिघडला तर टाइल न फोडता ओढून बदलता येतो.