पुटिंग मॅट घ्यावी का? हाताचा सराव आणि मनाचा सराव

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर या काळात गोल्फच्या मैदानावर नियमित सराव होणे अवघडच असते, म्हणून घरातच पुटचा, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळत होलमध्ये (खळग्यात) घालणाऱ्या हलक्या फटक्याचा, सराव करण्यासाठी मी ऑनलाइन मागवलेल्या तीन मीटर लांबीच्या पुटिंग मॅटचे हे परीक्षण आहे. कापड एकसारखे विणलेले आहे, कडा सुरुवातीला गुंडाळी सोडत नव्हत्या आणि रबराचा वास दिवाणखान्यात बराच रेंगाळला, वस्तूबद्दल एवढेच. खरा प्रश्न आहे तो ‘दडपणाखालीही आत्मविश्वास’ या जाहिरातीतील दाव्याचा.

मॅटचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे तिच्या टोकाच्या ‘कप’मध्ये (खळग्यात) गेलेला चेंडू बाजूच्या उतारावरून घरंगळत पुन्हा पायाशी येतो, आणि माझा मुख्य आक्षेपही नेमका त्यालाच आहे. या सोयीमुळे एका पुटची मनात नोंद होण्याआधीच दुसरा मारून होतो. चुकलेल्याची किंमत मोजावी लागत नाही. मैदानावर मात्र तोच पुट दुसऱ्यांदा मिळत नाही. २०२४ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत अमेरिकेतील पाइनहर्स्ट येथे रोरी मॅकइलरॉय या अव्वल गोल्फपटूने शेवटच्या दिवशी सोळाव्या आणि अठराव्या होलवर चार फुटांच्या आतले पुट गमावले आणि ब्रायसन डीशॅम्बो एका फटक्याने विजेता ठरला. मॅकइलरॉयच्या हाताला सराव कमी होता, असे कोण म्हणेल?

मॅटवर छापलेल्या पांढऱ्या रेषेबद्दलही सावध राहावे. नवख्याला ती पुटरचे (पुट मारण्याच्या काठीचे) तोंड सरळ ठेवायला शिकवते. पण ज्याचा फटका पक्का झालेला आहे, त्याचे लक्ष ती चेंडूवरून काढून स्वतःच्या मनगटांकडे वळवते, आणि मुरलेला खेळाडू हातांच्या हालचालीवर पहारा ठेवू लागला की बिघडतो, असे क्रीडामानसशास्त्रातील प्रयोगांत दिसून आले आहे. कॅनडातील संशोधक जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास करून दाखवले की, निष्णात खेळाडू फटक्यापूर्वी चेंडूवर दोन-तीन सेकंद नजर स्थिर ठेवतात आणि चेंडू निघून गेल्यावरही ती क्षणभर तिथेच असते. हा सराव मॅटवर उत्तम होतो, अर्थात रेषेकडे न पाहता.

त्यामुळे मी आता एकच चेंडू घेतो, मागे उभा राहून चेंडूच्या वाटेचा अंदाज घेतो, एकदा श्वास सोडतो आणि मारतो. नंतर वाकून चेंडू उचलतो व पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. घरातील मंडळी बघत असतील आणि हरणाऱ्याने सर्वांना मिसळ खाऊ घालायची असेल, तर दडपणही थोडेफार येते. पुतण्याची शेरेबाजी त्यात भर घालते. आपल्या जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले, त्या नेमबाजीतही प्रत्येक गोळीचा हिशोब वेगळाच असतो. गोल्फपटूंनी या शेजारच्या खेळाकडून शिकावे, असे मला फार वाटते.

नवशिक्यांनी ही मॅट जरूर घ्यावी. ज्यांचे छोटे पुट केवळ स्पर्धेतच चुकतात, त्यांनी परतीच्या उताराची महागडी मॅट न घेता साधी, बिनरेषेची मॅट घ्यावी. माझ्या मॅटवरील उतार काढता येत नसल्याने सध्या मी त्यावर जुना टॉवेल घालून ठेवतो.