बिल्डिंगचा एनर्जी-पाण्याचा डेटा प्लॅटफॉर्मवर चढवण्याची ऑनबोर्डिंग सर्व्हिस : ५ पैकी ४ स्टार

बिल्डिंगचा वीज-पाणी-कचऱ्याचा वापर आणि त्यातून होणारं कार्बन उत्सर्जन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आमचा जुना डेटा भरून घ्यायला चार महिने लागले. सेल्सवाल्यांनी सहा आठवडे सांगितले होते, म्हणून एक स्टार कमी केलाय, बाकीचे चार मात्र मनापासून देतेय. सविस्तर लिहिते, कारण हे सॉफ्टवेअर घेताना बहुतेक जण डेमोमधला डॅशबोर्ड बघून ठरवतात आणि डॅशबोर्ड सगळ्यांचेच छान दिसतात, खरा कस लागतो तो तुमची जुनी बिलं आत जाताना.

आमच्या १९ बिल्डिंग, बहुतेक ऑफिसं, दोन गोडाऊन. वीज, गॅस, पाणी, कचरा, जनरेटरचं डिझेल, सगळं वेगवेगळ्या एक्सेलमध्ये, आणि तीन बिल्डिंगची बिलं तर फक्त स्कॅन केलेली.

पहिल्या कॉलला त्यांच्या डेटावाल्या मॅडमनी बिलं मागितलीच नाहीत, आधी विचारलं एरिया कुठला धरलाय. मला वाटलं हे काय विचारतायत, एरिया म्हणजे एरिया. पण बघितलं तर कुठे भाड्याने दिलेली जागा धरलेली, कुठे पूर्ण बांधकाम, कुठे पार्किंगसकट, आणि एका बिल्डिंगचा आकडा चौरस फुटातला होता तो चौरस मीटरच्या कॉलममध्ये बसलेला, म्हणजे एरिया १०.७६ पट. ती बिल्डिंग आमच्या यादीत दर चौरस मीटर वीजवापरात सगळ्यात चांगली दिसायची!! दोन वर्षं आम्ही तिचं कौतुक करत होतो. एरिया चुकला की पुढचं प्रत्येक गुणोत्तर चुकतं, त्यामुळे तीन आठवडे फक्त नकाशे आणि भाडेकरार चाळण्यात गेले आणि ते गेले ते बरंच झालं.

मग मीटर. इथे यांचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. मेन मीटर आणि त्याच्या खालचे सबमीटर यांचं झाड काढायला लावतात, नाहीतर तीच वीज दोनदा मोजली जाते, आमची एका ठिकाणी जात होतीच. मोठ्या जोडणीवर सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मीटरला झेपेल इतका कमी करून देणारा) असतो, त्याचा गुणक रीडिंगला लावला नाही तर आकडा भलताच कमी येतो, तेही त्यांनीच पकडलं. बिलाच्या तारखा महिन्याच्या १ तारखेला सुरू होत नाहीत (आमचं एक बिल १७ तारखेला सुरू होतं), तर सिस्टीम ते दिवसांवर वाटून महिन्यात बसवते आणि दोन बिलांमध्ये एक दिवस जरी राहिला किंवा एक दिवस दोनदा आला तरी लाल खूण. अंदाजे रीडिंगचं बिल वेगळं टॅग होतं. गॅस कुठे घनमीटरमध्ये, कुठे थर्ममध्ये, १ थर्म म्हणजे साधारण २९.३ युनिट (किलोवॅट-तास), हे कन्व्हर्जन तेच करतात, तुम्ही फक्त बिलावर जे छापलंय ते जसंच्या तसं टाकायचं.

एक गोष्ट मात्र नवीन घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा : रिकामा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेकरूने स्वतःच्या मीटरची बिलं दिली नाहीत तर आम्ही आत्तापर्यंत शून्य टाकायचो. इथे ते चालत नाही. किती एरियाचा डेटा खरंच आलाय ते कव्हरेज म्हणून वेगळं दिसतं, आणि खरं सांगायचं तर आमचं कव्हरेज बघून मला लाज वाटली. एसीमध्ये भरलेला गॅसही कुठल्या बिलात नसतो, तो मेंटेनन्सच्या नोंदवहीतून काढायला लागला. आर-४१०ए हा एसीतला गॅस १ किलो गळाला तरी साधारण २ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, त्यामुळे सोडून देण्यासारखी ती गोष्टच नाही.

आता जे आवडलं नाही ते. स्कॅन केलेली बिलं वाचणारं टूल १ आणि ७ मध्ये गोंधळतं, आम्ही शेवटी ती हातानेच भरली. भाडेकरूंना जातो तो फॉर्म फारच लांब आहे, अर्धे लोक मध्येच सोडतात. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे ग्रिडचा नवीन इमिशन फॅक्टर (एका युनिट विजेमागे किती कार्बन धरायचा तो आकडा) लोड झाला तेव्हा आधीच्या वर्षांचे आकडेपण न विचारता बदलले. आमचा मागचा रिपोर्ट सही होऊन गेला होता! तक्रार केल्यावर त्यांनी जुनी वर्षं लॉक करून दिली, पण हे लॉक पहिल्यापासून चालू असायला हवं. विजेचं उत्सर्जन मात्र लोकेशनवर आधारित (त्या भागातल्या ग्रिडच्या सरासरीवरून) आणि मार्केटवर आधारित (आपण करार करून जी वीज विकत घेतो तिच्यावरून) असं दोन्ही प्रकारे दाखवतात, जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या मानकाच्या २०१५ च्या स्कोप २ (म्हणजे विकत घेतलेल्या विजेसारख्या ऊर्जेचं उत्सर्जन) गाइडन्समध्ये सांगितलंय तसं, ते नीट आहे.

तुमच्या दोन-चारच बिल्डिंग असतील तर मी म्हणेन पैसे घालवू नका, अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचं एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर हे ऑनलाइन टूल फुकट आहे, वीज-पाणी-कचरा तिन्ही त्यात ठेवता येतं. त्यातही पार्किंग एरियातून वगळूनच भरायचं असतं.

घ्यायचंच असेल तर सही करण्याआधी तुमच्याकडची सगळ्यात घोळाची बिल्डिंग त्यांना द्या, सगळ्यात नीटनेटकी देऊ नका, आणि १२ महिन्यांची बिलं भरून दाखवा म्हणा.

आमच्या एका गोडाऊनचं पाण्याचं मीटर अजून लालच आहे, पाच महिन्यांची बिलं सापडतच नाहीयेत. मी म्हटलं सरासरी टाकून मोकळं होऊ, तर मॅडम म्हणाल्या टाका, पण त्यावर अंदाज असं लिहिलेलं राहील आणि कव्हरेजमध्ये ते धरलं जाणार नाही. शोधतोय अजून.